चुंबक हलला की कॉइल?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ‘विद्युतचुंबकत्व’ हा शब्द लिहितानाही मी आईला फोन करून ऱ्हस्व-दीर्घ विचारून घेते. तरीही हा लेख मराठीतच लिहायचं ठरवलं. कारण ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट समजली ती रूम पार्टनरला मराठीत समजावून सांगताना.

झालं असं, की गेल्या सेमिस्टरच्या ओरलला एक्स्टर्नलनी मला विचारलं, "कॉइल स्थिर ठेवून चुंबक हलवला तर करंट येतो. चुंबक स्थिर ठेवून कॉइल हलवली तर?"

"तेवढाच येतो, सर."

"मग दोन्हींत फरक काय?"

मी म्हटलं, "काही नाही सर, फॉर्म्युला सेमच आहे." सर नुसते हसले आणि "या आता" म्हणाले. मार्क किती पडले ते इथे सांगत नाही, पण त्या रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. पी.एल. संपल्यावर लायब्ररीत बसून वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की हा प्रश्न साधासुधा नाही.

सुरुवात १८२० सालची. डेन्मार्कच्या ओर्स्टेडना दिसलं, की तारेतून करंट गेला की जवळची होकायंत्राची सुई वळते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळतं. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? ते मायकेल फॅरेडेंनी १८३१ मध्ये लंडनला करून दाखवलं. लोहाराचा मुलगा, पुस्तक बांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, गणित जवळजवळ नाहीच. एका लोखंडी कड्यावर त्यांनी दोन कॉइल गुंडाळल्या. एकीचा करंट चालू किंवा बंद करताना दुसरीत क्षणभरच करंट यायचा. म्हणजे नुसतं चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलावं लागतं! गणित नसल्यामुळे फॅरेडेंनी मोकळ्या जागेत बलरेषांची कल्पना केली. आपण ज्याला ‘फील्ड’ म्हणतो, त्याचा पाया हाच.

त्या रेषांना गणितात बसवलं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी. त्यांनी एक नवी टर्म जोडली: बदलणारं विद्युतक्षेत्रसुद्धा चुंबकक्षेत्र निर्माण करतं. झालं! एक बदललं की दुसरं तयार, दुसरं बदललं की पहिलं. अशी लाट पुढे पुढे जाणार. तिचा वेग किती? वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये निव्वळ विजेच्या प्रयोगातून मोजलेल्या आकड्यावरून तो सेकंदाला सुमारे ३ लाख ११ हजार किलोमीटर निघाला. फिझो यांनी १८४९ मध्ये मोजलेला प्रकाशाचा वेग होता सुमारे ३ लाख १५ हजार. मॅक्सवेलनी ओळखलं, की प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लाट आहे.

हे तुम्ही आज रूमवर करून बघा. एप्सिलॉन नॉट म्हणजे ८.८५ गुणिले १० चा उणे १२ वा घात. म्यू नॉट म्हणजे १.२५७ गुणिले १० चा उणे ६ वा घात. दोघांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, त्याने १ ला भागा. कॅल्क्युलेटरवर जवळपास ३ वर आठ शून्यं, मीटर प्रति सेकंद! एक आकडा कपॅसिटरचा, दुसरा कॉइलचा, आणि उत्तर प्रकाशाचं. मी हे रात्री दीड वाजता केलं आणि झोपलेल्या पार्टनरला उठवलं. ती चिडली, पण तिनेच खरा प्रश्न विचारला, "अगं, पण हा वेग कशाच्या संदर्भात?"

अगदी बरोबर. ध्वनीचा वेग आपण हवेच्या संदर्भात सांगतो. मॅक्सवेलच्या समीकरणांत तर अशी कुठली हवा नाही. तेव्हाच्या लोकांनी ‘ईथर’ मानला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते, मग ईथरचा वारा लागलाच पाहिजे. १८८७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेलसन आणि मॉर्ले यांनी काटकोनात जाणाऱ्या दोन किरणांची तुलना केली. अपेक्षित फरक मिळालाच नाही. फिट्झजेराल्ड आणि लोरेन्ट्झ म्हणाले, की ईथरमधून जाताना वस्तूच थोडी आखूड होत असेल. गणित बसलं, पण ठिगळ लावल्यासारखं.

आणि १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या आइन्स्टाइननी पेपर लिहिला. त्याची सुरुवात कशाने आहे माहीत आहे? चुंबक आणि वाहकाने! माझ्या ओरलच्या प्रश्नाने!

चुंबक हलला तर, जुन्या हिशोबाने, जागेत विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते कॉइलमधल्या इलेक्ट्रॉनना ढकलतं. कॉइल हलली तर विद्युतक्षेत्र नाहीच. हलणाऱ्या इलेक्ट्रॉनवर चुंबकीय बल येतं. कारणं दोन, करंट एकच. आइन्स्टाइन म्हणाले, निसर्गाला फक्त सापेक्ष गती कळते. एकाला जे चुंबकक्षेत्र दिसतं, त्यातलं काही दुसऱ्याला विद्युतक्षेत्र म्हणून दिसतं. नियम सगळ्यांना सारखे आणि प्रकाशाचा वेगही सगळ्यांना सारखा. हे दोन्ही खरं ठेवायचं तर ‘वेळ सगळ्यांची एकच’ ही समजूत सोडावी लागते. त्यांनी ती सोडली. ईथरची गरजच उरली नाही.

म्हणजे "फॉर्म्युला सेमच आहे" हे माझं उत्तर चूक नव्हतं. चूक ही, की मी तिथेच थांबले. सेम का आहे, हे विचारलंच नाही. पंचाहत्तर वर्षं जी गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, ती एकाला खटकली आणि रिलेटिव्हिटी आली.

ज्युनिअर्सना एवढंच सांगेन, जर्नल कॉपी करा, आम्हीही केली. पण कॉपी करताना एखादी ओळ खटकली तर पेन खाली ठेवा आणि पार्टनरला उठवा. शिव्या खाव्या लागतील. चालेल.