तान्ह्या बाळाचे दूध : पहिले सहा आठवडे

गाय व्याली की तासाभरात वासराला चीक पाजावा, वार पडण्याची वाट पाहू नये, हे बारामती-इंदापूर भागातील गोठेवाल्यांना आता नव्याने सांगावे लागत नाही. 30 किलोच्या वासराच्या पोटात पहिल्या काही तासांत 3 लिटरच्या आसपास चीक गेला पाहिजे, हे संकरित गाई असलेल्या घरातील शाळकरी मुलेही सांगतात. त्याच घरात सून बाळंत झाली की मात्र काही ठिकाणी पहिले पिवळसर, घट्ट दूध 'जड असते' म्हणून पिळून टाकतात आणि बाळाच्या जिभेवर मधाचे बोट फिरवतात. कृषिविद्या शिकवणाऱ्या बाईने हा विषय हाती घेण्याचे कारण एवढेच.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरातील 88.6 बाळंतपणे दवाखान्यात होतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळे शंभरात 41.8 एवढीच आहेत.

वासरू आणि बाळ यांत एक फरक आहे, तो आधी सांगते. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये वासराला मिळत नाहीत, त्यामुळे त्याची सारी भिस्त चिकावर असते. बाळाला यातला काही भाग आईच्या पोटातच मिळतो. परंतु आतड्याच्या आतल्या बाजूला संरक्षण देणारी द्रव्ये त्याला चिकातूनच मिळतात. मधातून ते होत नाही. उलट मधातील जंतूंमुळे वर्षाआतील बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दोन चमचेच चीक येतो. तो पाहून 'दूधच नाही' असा निष्कर्ष काढू नये. बाळाचे पोटही तेवढेच असते. दूध साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी भरते. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले तरी आई शुद्धीवर असल्यास मदतीला कोणी घेऊन लगेच पाजता येते.

पुढचा प्रश्न, किती वेळा पाजावे? गाईला दोन वेळ पिळण्याची आपल्याला सवय, म्हणून बाळालाही घड्याळ लावले जाते. आईच्या दुधात प्रथिने शेकडा 1 च्या आसपास, गाईच्या दुधात 3 हून अधिक. वासरू दीड महिन्यात वजन दुप्पट करते, बाळाला त्यासाठी पाच महिने लागतात. म्हणून आईचे दूध पातळ आणि लवकर पचणारे असते आणि बाळ दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पिते. आपल्याकडचे पाटपाणी आणि ठिबक आठवा : बाळाची रीत ठिबकाची. रात्रीचे पाजणेही चुकवू नये.

या वेळा सारख्या अंतराने येत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्याच्या सुमारास बाळ संध्याकाळी तास-दोन तास सारखे अंगावर मागते, सोडले की रडते. माझ्या मुलीच्या वेळी अशाच एका संध्याकाळी घरातील सगळ्यांनी दूध पुरत नसल्याचा निकाल दिला आणि पावडरचा डबा आणला. मीही ऐकले. चार दिवसांत अंगावरचे दूध खरोखरच कमी झाले, आणि ते पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. कासेत दूध ठेवले की गाय आटते, हे वर्गात सांगणारी मीच! वासरू कासेला ढुशी देऊन पान्हा मागते, तसे बाळ वारंवार चोखून उद्याचे दूध मागत असते. गाय बिथरली की पान्हा चोरते. बाळंतिणीलाही काळजी, वेदना आणि टोमणे यांनी पान्हा लवकर फुटत नाही. तिला जेवण, झोप आणि घरकामातून सुटका द्यावी. हाळीव-डिंकाचे लाडू जरूर द्या, पण दूध वाढते ते बाळाच्या चोखण्याने.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी, काळी शी जाऊन पिवळी होणे, ही खूण पक्की. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटते, ते दोन आठवड्यांपर्यंत भरून निघावे. घट शेकडा 10 पर्यंत गेली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. इंदापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी, गुटी, गाईचे दूध देऊ नये. आईच्या दुधात पाणीच शेकडा 87 असते. बाळ प्यायला उठत नसेल, अंग गार किंवा तापलेले असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, श्वास जोरात चालत असेल तर वाट न पाहता 108 ला फोन करावा. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ स्वतः मागत नाही. त्याला दर दोन तासांनी उठवून पाजावे.

एक गोष्ट ऊस बागायतदारांसाठी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या गाळप हंगामात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांत ओल्या बाळंतिणीही असतात. पहाटे फडावर गेलेली आई दुपारपर्यंत पाजू शकली नाही तर तिचे दूध आटते आणि बाळ साखरपाण्यावर येते. आपल्या फडात बांधावरच्या झाडाखाली सावली, पिण्याचे स्वच्छ पाणी आणि दर दोन-अडीच तासांनी पाजायला मोकळीक, एवढे मुकादमाशी आधीच बोलून ठरवता येते. कोपीत नवजात बाळ असेल तर गावच्या आशाताईंना कळवावे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्यांच्या घरभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या असतात, आणि कोपी कोठे पडली आहे हे त्यांना बहुधा तुम्हीच सांगू शकता.