इंग्रजी तपासा, पण कामातून

बारावीचा निकाल लागला की नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या पालकांचा प्रश्न ठरलेला: पोराला इंग्रजी बोलता येत नाही, मग बी.कॉम. इथंच करू द्यायचं, की नागपूरला बीबीएला घालून स्पोकन इंग्लिशचा क्लासही लावायचा? बीबीएची ओढ असेल तर २०२४ पासून राज्याची सीईटी आहे, ती द्या. पण निव्वळ इंग्रजीच्या धास्तीनं कर्ज काढून नागपूर गाठू नका.

आपल्या भागातल्या गोंडवाना विद्यापीठाचा पदवीधर इंग्रजी फोनवर गांगरतो, तो अकलेनं कमी म्हणून नव्हे. लेखी पेपरात पाठ केलेलं पत्र खपतं. ऐकून टिपून घेणं, न कळलेलं पुन्हा विचारणं तिथं तपासलंच जात नाही. ही अडचण फक्त आपली नाही. नोकरीतली इंग्रजी तपासणारी टोइक परीक्षा १९७९ साली जपानात सुरू झाली. दोन तास, २०० प्रश्न, सगळे ऐकण्या-वाचण्याचे. बोलण्या-लिहिण्याची टोइक यायला २००६ उजाडलं.

आपल्याला लागणारी परीक्षा कॉलेजातले सर-मॅडम इथंच घेऊ शकतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी एचएमटी धान शोधलं. धानाच्या या भागात राईस मिल आहेत. मग प्रश्न तिथलाच काढा. हैदराबादच्या व्यापाऱ्याचा इंग्रजी ईमेल आलाय, चाळीस पोती ओली निघाली. दहा ओळींत उत्तर लिही: फोटो माग, क्रेडिट नोट कधी देणार ते सांग. मग फोनवर कुणीतरी पोती, भाव, गाडी नंबर इंग्रजीत सांगेल. ते टिपून त्यालाच परत वाचून दाखव. आकडे बरोबर आले, तारीख स्पष्ट कळली, तर पूर्ण गुण. ‘द’ राहिला म्हणून गुण कापू नका. उच्चाराला झाडीबोलीचं वळण असलं तरी समोरच्याला कळलं म्हणजे झालं.

पालकांना स्पष्टच सांगते. पाहुण्यांसमोर ‘दोन वाक्यं इंग्रजीत बोलून दाखव’ हे आजपासून बंद करा. चारचौघांत हसं झालेली मुलगी पुढं वर्गातही तोंड उघडत नाही. शेजारच्याच्या पोराशी तुलना तर नकोच.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीआधी ही परीक्षा घ्यायला लावा. लिहिताना अडलं तर रोज एक ईमेल लिहायला बसवा, ऐकताना अडलं तर रोज इंग्रजी बातम्या ऐकून आकडे टिपू द्या. उन्हाळ्यात पुन्हा तपासा. तेव्हाही गाडी तिथंच असेल तरच क्लासच्या फीचं बघा.