टेलिफोनचा दोष कसा शोधावा?

‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ ही म्हण आपण नेहमीं ऐकतों. कचेरींतील टेलिफोन बंद पडला कीं बहुधा हीच गत होते. दोष असतो बाहेरच्या खांबावर, आणि बदललें जातें मेजावरचें यंत्र! पैसा जातो, दिवस जातो; टेलिफोन मात्र मुकाच राहतो. डोंगरांनीं वेढलेल्या आपल्या पुसदेंत असा विलंब एखाद्या रुग्णास फार महाग पडूं शकतो. म्हणून दोष शोधण्याची रीत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालीं टेलिफोन-केंद्रें सुरू झालीं. तांब्याच्या तारेवरील टेलिफोनची रचना अशी असते. केंद्रापासून आपल्यापर्यंत दोन तारा येतात. आधुनिक केंद्रांतून त्यांवर सुमारें ४८ व्होल्ट दाब असतो. रिसीव्हर उचलतांच मंडल पुरें होऊन प्रवाह वाहूं लागतो, व केंद्र एक अखंड नाद पाठवितें. हा नाद ऐकूं आला म्हणजे केंद्रापासून कानापर्यंतची वाट शाबूत आहे असें समजावें.

नाद न आल्यास जेथें तार इमारतींत शिरते तेथें आंतील तारा सोडवाव्या व चांगलें चालणारें दुसरें यंत्र जोडून पाहावें. नाद आला तर दोष आंत. न आला तर बाहेर. हें काम जाणत्या माणसाकडूनच करवावें. घंटी वाजतांना तारेंतील दाब बराच वाढतो व धक्का बसतो. या एका परीक्षेनें अर्धी वाट निर्दोष ठरते. उरलेल्या वाटेचे पुन्हां दोन भाग करावे. वाटेचे ६४ तुकडे असतील तर एकेक तपासतांना ६३ परीक्षा लागूं शकतील. अर्धे अर्धे करीत गेल्यास ६ पुरतात!

दोष दूर रानांत असला तरी केंद्रांत बसून त्याचें ठिकाण गणितानें काढतां येतें. समजा, ४ किलोमीटर लांबीची एक तार आवरण फाटून ओल्या जमिनीस टेकली आहे. तिचें दूरचें टोक तितक्याच जाडीच्या चांगल्या तारेस जोडलें, म्हणजे ८ किलोमीटरचें वेटोळें झालें. आतां दोषाच्या दोन्हीं बाजूंच्या विद्युत्-रोधांचें प्रमाण ३ : १ आलें, तर ८ चे चार भाग करावे. एक भाग २ किलोमीटरांचा. अर्थात् सदोष तारेवर केंद्रापासून २ किलोमीटरवर दोष आहे. या रीतीस ‘मरे लूप’ परीक्षा म्हणतात.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, तेव्हां पुष्कळ लोक घरूनच कचेरीच्या संगणकावर काम करूं लागले. त्यासाठीं इंटरनेटवरून व्हीपीएन नांवाची एक बंदिस्त वाट काढतात. ती चालेनाशी झाली तरी रीत तीच. प्रथम घरचा राउटर उत्तर देतो काय? बाहेरचें एखादें संकेतस्थळ उघडतें काय? व्हीपीएन जुळतें काय? कचेरींतील संगणक आपल्या अंकी पत्त्यास ओ देतो काय? शेवटीं, तोच नांवानें सांपडतो काय? जेथें पहिलें ‘नाहीं’ येईल, तेथेंच शोध करावा. अंकांनीं सांपडतो पण नांवानें नाहीं, तर वाट ठीक असून नांवांची नोंद चुकली आहे.

कधीं व्हीपीएन जुळतें, तरी कचेरींतील संगणक मुकाच राहतो. घर व कचेरी या दोहोंकडे १९२.१६८.१ अशी एकच पत्तामाला असल्यास असें घडतें. दोन गांवांत एकाच नांवाची आळी असावी आणि गांवाचें नांव न लिहिलेलें पत्र आपल्याच गांवांत फिरत राहावें, तसाच हा प्रकार. घरची माला बदलली कीं अडचण मिटते.

तक्रार करितांना ‘टेलिफोन बिघडला’ एवढेंच सांगूं नये. नाद येतो कीं नाहीं, आंतील तारा सोडवून पाहिल्या काय, दोष केव्हांपासून आहे, हें वहींत टिपून तेंच सांगावें. एका वेळीं एकच बदल करावा, नाहीं तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. एवढी शिस्त पाळल्यास दुरुस्तीस येणाऱ्याची एक खेप वांचते आणि बंब आग लागलेल्या ठिकाणींच पोंचतो.