स्टेनलेस स्टीलला भोक पाडताना

आधी एक कोडे सोडवा. समजा, आपल्यापुढे तीन गज ठेवले आहेत. पहिला साध्या माइल्ड स्टीलचा, दुसरा मध्यम कर्ब असलेल्या पोलादाचा आणि तिसरा स्टेनलेस स्टीलचा. तिन्हींची कठीणता ब्रिनेल पद्धतीने मोजली. या पद्धतीत एक अतिशय कठीण गोळी ठरावीक भाराने धातूवर दाबतात आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास पाहतात. पहिल्या गजाचा आकडा सुमारे १२० आला, दुसऱ्याचा १८० आणि तिसऱ्याचा १६०. आता सांगा, यांपैकी कोणत्या गजाला भोक पाडणे सर्वांत अवघड जाईल?

आकडे पाहून तुम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवाल. परंतु लेथवर काम करणाऱ्या कोणाही कारागिराला विचारा, तो क्षणाचाही विचार न करता तिसरा गज बाजूला काढील. दुसऱ्या गजात जे ड्रिल सहज उतरते तेच तिसऱ्यात किंचाळू लागते, त्याची टोके निळी पडतात आणि थोड्याच वेळात ते नुसतेच गरगर फिरत राहते. भोक जागच्या जागी! कठीणतेच्या बाबतीत मधला असलेला हा धातू कापण्याच्या बाबतीत एवढा हट्टी का?

'स्टेनलेस स्टील' हे एका धातूचे नाव नसून एका मोठ्या कुटुंबाचे आहे. लोखंडात साधारणपणे अकरा टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम मिसळले, की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो आतल्या धातूला गंजू देत नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली असे पोलाद ओतले. तो बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करीत होता. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यातील श्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियमबरोबर निकेलही घातले. आज ज्याला कारखान्यात '३०४' म्हणतात तो प्रकार या दुसऱ्या शाखेतला. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणून त्याला 'अठरा-आठ' असेही नाव आहे. आपण या लेखात मुख्यतः याच प्रकाराविषयी बोलणार आहोत.

आता घरच्या घरी एक प्रयोग करा. तांब्याची किंवा लोखंडाची जाडसर तार घ्या आणि ती मध्ये काटकोनात वाकवा. मग हातांनी ती पुन्हा सरळ करून पाहा. तार सरळ होईल, पण वाकवलेल्या जागी एक लहानसे कुबड राहीलच. जोर लावाल तर तार त्या कुबडापाशी न वाकता त्याच्या शेजारी वाकेल. याचा अर्थ असा, की जेथे तार एकदा वाकली तेथे ती पूर्वीपेक्षा कडक झाली. धातूतील अणू थरांच्या रूपाने रचलेले असतात. धातू वाकतो तेव्हा हे थर एकमेकांवरून घसरतात. हे घसरणे सगळीकडे एकदम होत नाही. रचनेत जेथे दोष असतात तेथून ते पुढे सरकत जाते. वाकवण्याबरोबर असे दोष वाढतात, एकमेकांत गुंततात आणि पुढच्या घसरणीला अडथळा करतात. गर्दीच्या जत्रेत सगळेच पुढे सरकू लागले, की कोणीच सरकत नाही, तसेच काहीसे हे आहे. याला 'कार्यजन्य कठिणीकरण' म्हणतात.

हा गुण बहुतेक धातूंत थोडाफार असतोच. अठरा-आठ पोलादात मात्र तो फार तीव्र असतो, कारण तेथे आणखी एक गोष्ट घडते. या पोलादातील अणूंची मांडणी नेहमीच्या तापमानाला पूर्णपणे स्थिर नसते. निकेलमुळे ती कशीबशी टिकून राहिलेली असते. धातूवर जोराचा ताण पडला, की काही भागातील अणू आपली जागा बदलून 'मार्टेन्साइट' नावाच्या वेगळ्या आणि अधिक कडक रचनेत जातात. विशेष म्हणजे मूळ रचना लोहचुंबकाला दाद देत नाही, पण मार्टेन्साइट देते. म्हणून लोहचुंबक घेऊन स्वयंपाकघरात जा. वाटीच्या सपाट बुडाला चुंबक लावा, मग कडेला जेथे पत्रा जास्तीत जास्त ताणला किंवा दुमडला आहे तेथे लावा. काही भांड्यांत बुडापाशी ओढ मुळीच नाही आणि काठापाशी मात्र ती जाणवते, असे तुम्हांला आढळेल. (सगळे भांडेच चुंबकाला घट्ट चिकटले, तर ते निकेल नसलेल्या दुसऱ्या जातीचे आहे किंवा त्याच्या बुडाला लोखंडी थर आहे असे समजा.)

जाता जाता एक गंमत सांगतो. लोहार पोलाद लाल करून पाण्यात बुडवतो, कारण त्याने पोलाद कडक होते. अठरा-आठ पोलाद सुमारे १०५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात बुडवले तर ते मऊ होते! त्याला कडक करायचे असेल तर ते थंडच ठेवून ठोकावे किंवा ताणावे लागते.

आता ड्रिलकडे वळू. ड्रिलच्या टोकाला दोन धारा असतात आणि त्या मधोमध एका लहान आडव्या कडेने जोडलेल्या असतात. अगदी मध्यबिंदूची फिरण्याची गती शून्य असते, म्हणून ही मधली कड कापत नाही. ती धातूला दाबून बाजूला सारते. आणि दाबले की अठरा-आठ कडक होते हे आपण पाहिलेच. त्यातच कारागिराने हात हलका ठेवला तर दोन्ही धारासुद्धा धातूत न शिरता त्यावर घासू लागतात. प्रत्येक फेऱ्यात पृष्ठभाग अधिक कडक होतो. शेवटी भोकाच्या तळाशी आरशासारखा चकचकीत, केसाएवढा जाड थर तयार होतो आणि तेथे बोथट झालेले ड्रिल हरते. गमतीची गोष्ट अशी, की हा थर कारागिरानेच तयार केलेला असतो. गजात तो मुळी नव्हताच.

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेत एका विद्यार्थ्याला निर्वात पंपाच्या जोडणीसाठी स्टेनलेसच्या चकतीला सहा भोके हवी होती. ड्रिल ओरडू लागले की तो बिचारा घाबरून हात सैल करी. मिस्त्री बाजूला उभे होते. ते म्हणाले, "अरे, त्याला कुरवाळू नकोस. एक तर दाबून काप, नाही तर ड्रिल वर घे. मध्ये रेंगाळायचं नाही." कठिणीकरणाचा सगळा सिद्धांत या तीन वाक्यांत आला, असे मला वाटते. जाणते कारागीर सेंटर पंचसुद्धा येथे हलक्या हाताने मारतात. कारण जोराने मारलेल्या पंचाखालचा धातू ड्रिल येण्याच्या आधीच कडक होऊन बसतो.

कडकपणाइतकीच दुसरी अडचण उष्णतेची. यंत्राने धातू कापताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा बहुतेक सर्व भाग उष्णतेत रूपांतरित होतो. ही गोष्ट भौतिकीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. काउंट रम्फर्ड याने म्युनिक येथे तोफा कोरण्याचे काम पाहिले आणि मुद्दाम बोथट हत्यार घेऊन, तोफेचा भाग पाण्यात बुडवून, घर्षणाने पाणी उकळून दाखवले. अडीच तासांत पाण्याला उकळी फुटली. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाने उष्णता हा एक द्रव पदार्थ आहे या कल्पनेला हादरा दिला. त्याने हत्यार बोथट का घेतले, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

आपणही थोडे गणित करू. अठरा-आठ पोलादाचा एक घन मिलिमीटर भाग कापून काढण्यास सुमारे ३ जूल ऊर्जा लागते असे धरा. तेवढ्या धातूचे वस्तुमान ०.००८ ग्रॅम असते आणि त्याची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला, दर अंशाला सुमारे ०.५ जूल. सगळी उष्णता त्या कापलेल्या कणातच राहिली तर त्याचे तापमान किती वाढेल? ३ ला ०.००८ × ०.५ ने भागा. उत्तर ७५० अंश! ज्या हायस्पीड स्टीलचे ड्रिल बनवतात ते सुमारे ६०० अंशांच्या पुढे आपला कडकपणा गमावू लागते. प्रत्यक्षात काही उष्णता आजूबाजूला पसरते, म्हणून काम चालते.

पण येथेच स्टेनलेस स्टील पुन्हा आडवे येते. त्याची उष्णतावाहकता फार कमी आहे. योग्य एककांत ती सुमारे १६ भरते. साध्या पोलादाची ५० च्या आसपास आणि तांब्याची ४०० च्या जवळपास असते. स्टीलच्या पातेल्यात दूध तापत ठेवले की ज्योतीच्या बरोबर वरच ते करपते, हा अनुभव तुमच्या आईला विचारा. म्हणूनच काही पातेल्यांच्या बुडाला तांब्याचा थर देतात. गजात भोक पाडताना तसेच होते. उष्णता गजात पसरून निघून जात नाही. ती धारेपाशीच साचते आणि ड्रिलला 'करपवते'. शिवाय हे पोलाद तापल्यावर साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. त्यामुळे खोल भोक थंड होताना आकसून ड्रिलला घट्ट धरूही शकते.

मग उपाय काय? वेग कमी करा. येथे वेग म्हणजे धारेचा धातूवरील वेग. ड्रिलचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन ३.१४ ने व मिनिटातील फेऱ्यांनी गुणा, १००० ने भागा, म्हणजे तो मीटरमध्ये मिळतो. हायस्पीड स्टीलच्या ड्रिलने माइल्ड स्टीलला मिनिटास २५ ते ३० मीटर वेग चालतो. अठरा-आठसाठी १२ मीटर पुष्कळ झाला. १० मिलिमीटरच्या ड्रिलला याचा अर्थ मिनिटाला सुमारे ३८० फेरे. घरी वापरतात ते हातातले विजेचे ड्रिल ३००० फेरे करू शकते. तेवढ्याच व्यासाला हा वेग ९४ मीटर होतो! जिन्याच्या स्टेनलेसच्या कठड्याला भोक पाडताना ड्रिलमागून ड्रिल का जळते, त्याचे कारण या आकड्यात आहे.

वेग थोडासा कमी केल्याने काय साधणार, असे वाटेल. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने धातू कापण्यावर अनेक वर्षे प्रयोग करून १९०६ साली एक नियम मांडला. त्याच्या हत्यारांसाठी वेग आणि हत्याराच्या आयुष्याचे आठवे मूळ यांचा गुणाकार कायम राहत असे. म्हणजे वेग १० टक्क्यांनी कमी केला तर आयुष्य (१ ÷ ०.९) चा आठवा घात, म्हणजे २.३ पट होते. उलट वेग २० टक्क्यांनी वाढवला तर आयुष्य चौथ्या हिश्शाहूनही कमी. हत्यार व धातू बदलले की हा घातांक बदलतो, पण कल एवढाच तीव्र असतो.

वेग कमी करायचा, पण 'फीड' कमी करायचे नाही. दर फेऱ्याला हत्यार जेवढे पुढे सरकते त्याला फीड म्हणतात. १० मिलिमीटरच्या ड्रिलला ते ०.१५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, म्हणजे प्रत्येक धार मागच्या फेऱ्यात कडक झालेल्या थराच्या खाली शिरून मऊ धातू कापते. नवशिका अगदी उलटे करतो: वेग जास्त आणि दाब कमी. ड्रिलच्या टोकाचा कोनही नेहमीच्या ११८ अंशांऐवजी १३५ अंशांचा घेतात आणि मधली आडवी कड घासून लहान करतात. दुधासारखे दिसणारे तेलमिश्रित पाणी, किंवा मंद कामाला कापण्याचे तेल, सतत धारेवर सोडावे लागते.

लेथवरची कथा फारशी वेगळी नाही. तेथे हत्यार बाहेरून कापते, त्यामुळे तेलपाणी धारेपर्यंत सहज पोचते आणि शून्य गतीचा बिंदू आडवा येत नाही. त्रास होतो तो चिपचा, म्हणजे सोलून निघणाऱ्या धातूच्या फितीचा. बीड कापताना तिचा भुगा पडतो. अठरा-आठ मात्र तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या दीडपट ताणले जाऊ शकते, म्हणून त्याची फीत तुटतच नाही. तिच्या लांबच लांब, धारदार वेटोळ्यांचे जाळे फिरत्या गजाभोवती गुंडाळते. ते हाताने कधीही ओढू नये. यंत्र थांबवून आकड्याने काढावे. हीच चिवट फीत दाबाने व उष्णतेने हत्याराच्या धारेला चिकटते आणि निसटताना धारेचा टवकाही घेऊन जाते. यासाठी हत्याराच्या माथ्यावर एक खाच ठेवतात. फीत त्या खाचेत वळते आणि तुटते.

धातूशास्त्रज्ञांनी आणखी एक युक्ती काढली. त्यांनी पोलादातच गंधक मिसळले. एरवी गंधक हा पोलादाचा शत्रू, ३०४ मध्ये तो ०.०३ टक्क्यांहून अधिक चालत नाही. '३०३' या प्रकारात मात्र तो मुद्दाम ०.१५ टक्के किंवा अधिक ठेवतात. मँगनीजशी संयोग होऊन त्याचे बारीक कण धातूभर विखुरतात. या कणांपाशी चिप तुटते आणि ते धारेला वंगणासारखे उपयोगी पडतात. सहज कापल्या जाणाऱ्या एका ठरावीक पोलादाला १०० गुण दिले, तर ३०४ ला सुमारे ४५ आणि ३०३ ला ७५ ते ८० गुण मिळतात. स्क्रू, नट, लहान दांडे असे हजारोंनी करायचे असतील तेव्हा ३०३ घेतात.

परंतु जेथे हे कण पृष्ठभागावर येतात तेथे संरक्षक पापुद्रा दुबळा राहतो. मीठ किंवा आम्ल लागले, की गंजाचे टोचे प्रथम तेथेच पडतात. वेल्डिंग करताना ३०३ ला तडे जाण्याचीही भीती असते. म्हणून समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या किंवा वेल्डिंगने जोडायच्या भागांसाठी अभियंता ३०३ निवडत नाही; तो ३०४ किंवा त्याहून सरस प्रकार घेतो आणि लेथचा वेग कमी करतो. आता तुमच्यासाठी एक उदाहरण: याच १२ मीटर वेगाने ६ मिलिमीटरचे भोक पाडायचे असेल, तर ड्रिलने मिनिटाला किती फेरे करावेत? आणि ड्रिल बारीक झाले की फेरे वाढतात, ते का?