तीन तारांत १२० रंग

प्रश्न : कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसाठी दोन मीटरची, १२० एलईडींची रंगीत पट्टी आणली. तिला ताराच तीन, मग प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा कसा? आणि सगळे पांढरे केले की टोकाचे दिवे तांबूस दिसतात. पट्टी खराब निघाली का?

उत्तर : नाही, पट्टी चांगली आहे. दोन तारा ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या. सगळे निरोप तिसरीतून जातात. कारखान्यातच प्रत्येक दिव्याला क्रमांक दिलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसे काही नसते. सर्रास मिळणारा डब्ल्यूएस२८१२बी दिवा भिंगातून पाहा. ५ मिलिमीटरच्या चौकोनात लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक एलईडी आणि शेजारी एक इवलीशी चिप दिसेल. कंट्रोलर दर दिव्यामागे २४ बिट पाठवतो, एकेका रंगाचे आठ. पहिली चिप पहिले २४ ठेवून घेते आणि बाकीचे पुढे ढकलते. पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा असाच सरकतो : वरची आपली, उरलेल्या शेजाऱ्याच्या. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, म्हणजे १२० दिव्यांचे वाटप ३.६ मिलिसेकंदांत उरकते.

म्हणजे रांगेतली जागा हाच दिव्याचा पत्ता. म्हणूनच खुणेच्या रेषेवर पट्टी कुठेही कापता येते. म्हणूनच मधली एक चिप गेली की पुढचे सगळे दिवे निरोपाला मुकतात. तार जोडताना पट्टीवरचा बाण मात्र पाहा. उलट्या टोकाने निरोप आत शिरत नाही.

आता तांबूसपणा. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत वीज ओढतो. १२० दिव्यांचे ७.२ अँपिअर झाले. पट्टीतले तांबे पातळ, त्यामुळे टोकाला पोचेपर्यंत व्होल्टेज घटते. निळ्या-हिरव्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास. साहजिकच निळा-हिरवा आधी मंदावतो आणि लाल उरतो. दुसऱ्या टोकालाही जाड तारेने ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्या, पांढरा पांढरा दिसेल.

मदरबोर्डचा हेडर साधारण ३ अँपिअरच झेपवतो. म्हणून तिथून फक्त डेटा आणि ग्राउंड घ्या. वीज एसएमपीएसच्या मोलेक्समधून, लाल आणि काळ्या तारेवरून. पिवळी १२ व्होल्टची, तिला हात लावू नका. पट्टी अर्ध्या तेजावर चालवा, कॅबिनेटमध्ये तेवढा उजेड भरपूर होतो. चार पिनांचा रंगीत दिव्यांचा हेडरही १२ व्होल्टचाच असतो. त्यात ही पट्टी खोचली तर ती जळेल.