व्होल्टमीटरचे शून्य कोठे असते?

शहापूर तालुक्यातील तानसा तलाव भरून वाहू लागला, की पातळी १२८.६३ मीटर झाली असे वर्तमानपत्रात येते. धरणाची भिंत तर एवढी उंच मुळीच नाही! मग हा आकडा कोठून मोजला? प्रश्न मनात ठेवा. प्रयोगशाळेत तो पुन्हा भेटेल.

अणूतील सर्वांत सैल इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी ऊर्जा म्हणजे आयनीभवन ऊर्जा. ती मोजण्यास झेनॉन वायू भरलेली २डी२१ ही थायरेट्रॉन नळी चालते. तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन धन दाबाच्या जाळीकडे धावतात. पलीकडच्या प्लेटला कॅथोडपेक्षाही थोडा ऋण दाब द्यावयाचा, म्हणजे इलेक्ट्रॉन तेथवर पोचत नाहीत. वाटेत धन आयन निर्माण झाले, तर तेच प्लेटकडे ओढले जातात आणि मायक्रोअँमीटरचा काटा हलतो. (जाळीच्या मंडलात रोध हवाच, नाहीतर प्रवाह भडकून नळी जाते.)

जाळीचा दाब थोडाथोडा वाढवा. काटा कधी आधीच किंचित सरकतो. घाई नको! ८.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सुमारास झेनॉनचा अणू नुसता उत्तेजित होतो. त्याने सोडलेला अतिनील प्रकाश प्लेटमधून इलेक्ट्रॉन उडवतो. प्लेट सोडणारा इलेक्ट्रॉन आणि प्लेटवर येणारा धन आयन यांतला फरक मापकाला कळत नाही. १९१४ साली फ्रांक आणि हर्ट्झ यांनाही पाऱ्याच्या वाफेतील ४.९ व्होल्ट ही आयनीभवनाची खूण वाटली होती. ती उत्तेजनाची असावी, हे १९१५ मध्ये बोर यांनी दाखवून दिले. पाऱ्याची खरी आयनीभवन ऊर्जा १०.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे.

प्रवाहाची खरी उसळी समजा १३.३ व्होल्टला आली. पुस्तकात मात्र १२.१३! येथे पुष्कळ विद्यार्थी वहीतला आकडा हळूच ‘सुधारतात’. वाचन बरोबर आहे. शून्य सरकलेले आहे. तानशाची पातळी तळापासून नव्हे, तर ठरविलेल्या एका आधारपातळीपासून मोजतात. तसेच येथे. कॅथोड आणि जाळी यांचे पदार्थ वेगळे असल्याने दोहोंमध्ये मुळातच थोडा दाब असतो. त्यास स्पर्शविभव म्हणतात. व्होल्टमीटरला तो दिसत नाही, इलेक्ट्रॉनला मात्र तो ओलांडावा लागतो.

तो शोधण्यासाठी जाळी व प्लेट एकत्र जोडा, आयनीभवनाच्या बऱ्याच खालच्या दाबांना प्रवाह मोजा आणि प्रवाहाचा २/३ घात व दाब यांचा आलेख काढा. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. ही रेषा मागे वाढविल्यावर दाबाच्या अक्षाला १.२ व्होल्टवर छेदत असेल, तर १३.३ − १.२ = १२.१. आर्गॉनची नळी घेतलीत, तर शून्य नव्याने शोधावे लागेल. तेथे उत्तर १५.८ च्या आसपास यावयास हवे.