'राइट ऑफ' म्हणजे माफी नव्हे

व्यापारी बंधूंनो, इंग्रजी क्रियापदाला 'ऑफ', 'अप', 'आऊट' असा छोटा शब्द जोडला की अर्थ पार बदलतो. 'राइट' म्हणजे लिहिणे. 'राइट ऑफ' म्हणजे येणे रक्कम बुडीत धरून हिशेबातून काढणे. आपण त्याला बुडीत खाते म्हणतो, उर्दूत बट्टे खाते.

आमच्या ओळखीच्या एका हिमरू कारागिराला बँकेचे पत्र आले. कर्ज 'रिटन ऑफ' केले, असे त्यात होते. पत्र वाचून "चाचा, कर्ज मिटले" असे सांगणारा मीच होतो. दोन वर्षांनी वसुलीची नोटीस आली, तोवर व्याजही वाढले होते. म्हणून हा धडा.

बँक राइट ऑफ करते ते फक्त आपल्या ताळेबंदापुरते. कर्जदाराच्या नावावरची बाकी कायम राहते, वसुली चालू राहते. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकात हेच स्पष्ट केले होते. माफीला इंग्रजी शब्द 'वेव्हर'. राज्य सरकारने २०१७ आणि २०१९ साली शेतकऱ्यांसाठी जाहीर केली ती कर्जमाफी, म्हणजे वेव्हर. तडजोडीने ठरलेली रक्कम भरून खाते बंद करणे म्हणजे 'सेटल' करणे. तसे केल्यास बाकी नसल्याचा लेखी दाखला जरूर घ्यावा.

गिऱ्हाइकाची उधारी आपणही राइट ऑफ करू शकतो. ती विक्री आधी उत्पन्नात धरलेली असेल तर आयकरात वजावट मिळते. १९८९ च्या बदलानंतर रक्कम खरोखर बुडाली हे सिद्ध करण्याची गरज नाही, वहीत तशी नोंद पुरे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१० साली टी.आर.एफ. लिमिटेडच्या खटल्यात दिला. पुढे पैसे आले तर ते त्या वर्षाचे उत्पन्न. नोंद केली म्हणून मागण्याचा हक्क जात नाही. मात्र दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते, ती सांभाळावी.

वापर असा: 'द बँक रोट ऑफ द लोन' किंवा 'द बँक रोट द लोन ऑफ', दोन्ही बरोबर. पण 'इट' आले तर ते मध्येच येते: 'रोट इट ऑफ'. 'रोट ऑफ इट' चूक.

पत्रात हा शब्द दिसला तर मिठाई वाटू नका. बँकेत जाऊन एकच विचारा: माझ्या नावावर बाकी किती? उत्तर लेखी घ्या.